अण्णांची पंगत

१७ सप्टेंबरचं झेंडावंदन झालं, मुक्तिसंग्रामाच्या गोष्टी सांगून झाल्या, की आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या शाळांमध्ये पाचव्या दिवशी आणखी एक फोटो भिंतीवरून खाली उतरतो. पांढरी दाढी, अंगात खादी. कर्मवीर भाऊराव पाटील. २२ सप्टेंबर म्हणजे त्यांची जयंती. फोटो पुसायचा, हार घालायचा, पाठांतर चांगलं असलेल्या दोन मुली भाषण करणार, मग सर बोलणार. वटवृक्ष, कमवा आणि शिका, लक्ष्मीबाईंचं मंगळसूत्र. टाळ्या. फोटो परत खिळ्यावर. मैत्रिणींनो, जिल्हा परिषदेच्या नोकरीत मीही इतकी वर्षं यापेक्षा जास्त काही केलं नाही.

दोन वर्षांपूर्वी मुख्याध्यापकांच्या एका प्रशिक्षणात मला तासभर बोलायला बोलावलं. विषय होता, सगळ्या जातीजमातींच्या लेकरांना शाळेत सारखी वागणूक मिळावी म्हणून मुख्याध्यापकाने काय करायचं. विषय ऐकून आधी घाबरलेच. जात हा शब्द आला की स्टाफरूममध्ये सगळे एकदम चहाकडे वळतात, हे मी चांगलं ओळखून आहे. आदल्या रात्री टिपणं काढत बसले आणि ती सगळी बाजूला ठेवली. म्हटलं, आपण अण्णांचं आयुष्य सांगू. भाऊरावांना त्यांची मुलं अण्णाच म्हणायची. तेच आज तुम्हालाही सांगते.

भाऊरावांचा जन्म १८८७चा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजचा. घराणं जैन, शेतकरी, मूळ गाव सांगलीकडचं ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा सरकारी नोकरीत, त्यामुळे बदल्यांची गावं बरीच. आई गंगाबाई. पोरगा अंगापिंडाने दणकट, पोहण्यात आणि कुस्तीत पुढे, अभ्यासात बेताचा. लहानपणी विहिरीवर अस्पृश्य माणसांना पाणी घेऊ देत नाहीत म्हणून चिडून त्याने रहाटच मोडून टाकला, अशी एक गोष्ट सांगतात.

खरी परीक्षा झाली कोल्हापुरात. शिक्षणासाठी ते तिथल्या जैन बोर्डिंगमध्ये राहत होते. शाहू महाराज त्या काळी एकेका जातीची वसतिगृहं उघडत होते, कारण त्याशिवाय खेड्यातला पोरगा शहरात टिकायचाच नाही. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झालं. भाऊराव त्या समारंभाला गेले. परत आल्यावर त्यांना सांगण्यात आलं की आंघोळ करून, कपडे बदलूनच जेवायला बसायचं. त्यांनी नकार दिला. आंघोळीला ना नव्हती, ती कशासाठी करायची त्याला होती. बोर्डिंगमधून त्यांना काढून टाकलं. पुढे महाराजांनीच त्यांना आसरा दिला.

इथे मी थोडी थांबते, कारण प्रशिक्षणातही थांबले होते. आपण ही गोष्ट बंडखोर मुलाची म्हणून सांगतो. मला त्यात बोर्डिंग चालवणारी माणसं जास्त दिसतात. ती काही दुष्ट नव्हती. शिकलेली, समाजाचं भलं चिंतणारी, सुधारणेची भाषणं ऐकणारी माणसं होती. त्या बोर्डिंगचा कारभार बघणारे अण्णासाहेब लठ्ठे तर पुढे मोठे नेते झाले. तरीही नियम होता आणि तो पाळायचाच होता. शाळेतली, वसतिगृहातली विषमता ही अशीच असते. कुणाच्या तरी वाईटपणावर ती चालत नाही, नियमावर आणि सवयीवर चालते. आणि त्या जागेवर बसलेल्या माणसाला ती मोडायचं धाडस होत नाही, एवढंच.

भाऊरावांचं शिक्षण मॅट्रिकच्या आतच संपलं. १९०९च्या सुमाराला लग्न झालं कुंभोजच्याच पाटील घराण्यातल्या आदक्काशी. सासरचं नाव लक्ष्मीबाई. कमाईसाठी भाऊराव साताऱ्यात शिकवण्या घेऊ लागले. महिन्याला एक रुपया फी, म्हणून लोक त्यांना एक रुपयावाले मास्तर म्हणायचे.

मग १९१४चं डांबर प्रकरण. कोल्हापुरात बादशहाच्या पुतळ्याला कुणीतरी डांबर फासलं. त्यात लठ्ठ्यांना गोवायचा घाट होता, आणि त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांना पकडलं. ज्या बोर्डिंगमधून आपल्याला काढलं तिथले हेच लठ्ठे! सूड घ्यायला आयती संधी होती. भाऊरावांनी साक्ष दिली नाही. कोठडीत इतका छळ झाला की त्यांनी जीव द्यायचा प्रयत्न केला. शेवटी सुटले. हे सगळं घडलं शाहू महाराजांच्या राज्यात, तरी पुढे स्वतःच्या वसतिगृहाला त्यांनी नाव दिलं ते शाहू महाराजांचंच. माणसाचं मोठेपण आणि त्याच्या राज्यात झालेला अन्याय, दोन्ही त्यांनी वेगवेगळं ठेवलं. मला तरी हे जमलं नसतं.

पुढची काही वर्षं विक्रेता म्हणून फिरण्यात गेली. ओगले यांचे कंदील, किर्लोस्करांचे नांगर. गावोगाव जायचं, पारावर बसायचं, माल दाखवायचा. या फिरतीत त्यांनी जो महाराष्ट्र पाहिला तो कुठल्या कॉलेजात दिसला नसता. सावकाराच्या कागदावर काय लिहिलंय हे न वाचता अंगठा उठवणारा कुणबी पाहिला आणि शाळेच्या पायरीवर, वर्गाबाहेर बसून शिकणारं महाराचं पोर पाहिलं. दोघांचा रोग एकच आहे आणि औषधही एकच, हे त्यांच्या मनाने तिथे घेतलं असावं. सत्यशोधक समाजाचे विचार सोबत होतेच.

४ ऑक्टोबर १९१९, दसऱ्याचा दिवस. कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली. त्याच साली शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी मुलं एकाच शाळेत घ्यायचा हुकूम काढला होता. हुकूम निघणं सोपं नसतंच, पण हुकूम निघाल्यावर वर्गात काय घडतं ते वर्गातल्या माणसावर असतं. आपल्याकडे कायदे काय कमी झाले? २००९ साली शिक्षणाच्या हक्काचा कायदाही झाला.

भाऊरावांनी म्हणून पंगतीपासून सुरुवात केली. १९२४ साली संस्था साताऱ्याला आणली आणि तिथे वसतिगृह चालवलं. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, सगळ्या जातीधर्मांची मुलं एका छताखाली, एका चुलीवर शिजलेलं, एका ओळीत बसून जेवणारी. शाहू महाराजांनी एकेका जातीला बोर्डिंग दिलं होतं. भाऊरावांनी सगळ्या जातींचं मिळून एक केलं. स्वयंपाक, झाडलोट, दळण, पाणी, सगळी कामं मुलांनी पाळीने करायची. कुठलं काम कुणाचं हे जन्मावरून ठरायचं नाही. १९२७ साली गांधीजी साताऱ्याला आले आणि त्यांच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू बोर्डिंग असं नाव दिलं गेलं. आपल्या आश्रमात जे साधलं नाही ते इथे पाहिलं, अशा अर्थाचं गांधीजी बोलल्याचं सांगतात.

आता ही चूल पेटती कुणी ठेवली? लक्ष्मीबाईंनी. जैन घरातल्या सोवळ्याओवळ्यात वाढलेली बाई. तिच्या स्वयंपाकघरात एके दिवशी नवरा सगळ्या जातींची पोरं आणून बसवतो. भाऊरावांना हे पटायला विचार होता, सत्यशोधक सभा होत्या, फिरती होती. लक्ष्मीबाईंना चूल आणि समोर बसलेली भुकेली पोरं, एवढंच होतं. तरी त्या बदलल्या. आणि नुसत्या बदलल्या नाहीत, माहेरहून आलेलं सोनं एकेक करून विकत गेल्या. शेवटी भाऊराव परगावी असताना कोठीतलं धान्य संपलं, तेव्हा गळ्यातलं मंगळसूत्र दिलं. पोरं उपाशी झोपली नाहीत. १९३० साली त्या गेल्या, ऐन उमेदीच्या वयात.

जयंतीच्या भाषणात मंगळसूत्राचा प्रसंग आला की बायका डोळ्याला पदर लावतात. मीही लावायचे. आता मात्र मनात येतं, मंगळसूत्रापेक्षा अवघड गोष्ट तिने आधीच केली होती. सोनं देता येतं हो. लहानपणापासून हाताला लागलेली शिवाशिव सोडणं, आणि तेसुद्धा शेजारणी नाकं मुरडत असताना, हे जास्त कठीण. शिवाय त्या स्वयंपाकघराचं मोल संस्थेच्या कुठल्याच वहीत कधी लिहिलं गेलं नसेल. आणखी एक कुरकुर करते. ही सगळी वसतिगृहं कितीतरी वर्षं मुख्यतः मुलांचीच होती. मुलींचा नंबर उशिरा लागला. अण्णांबद्दल कितीही आदर असला तरी हे बोलायला हवं.

लक्ष्मीबाई गेल्यावर घरदार असं उरलंच नाही, संस्था हाच संसार. मग भाऊरावांनी जे केलं ते मला आज सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि जयंतीच्या भाषणात ते हटकून राहून जातं. त्यांच्या लक्षात आलं की शाळा कितीही काढा, तिथे बसणारा मास्तर जुन्याच मनाचा असेल तर महाराचं पोर पुन्हा पायरीवरच बसणार. म्हणून १९३५ साली त्यांनी साताऱ्यात शिक्षक तयार करणारं विद्यालय काढलं. सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज हे त्याचं तेव्हाचं नाव. पुढे ते महात्मा फुल्यांच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. १९४२ साली बायकांसाठी जिजामाता अध्यापिका विद्यालय आलं. १९५५ साली हायस्कूलच्या शिक्षकांसाठी आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन. म्हणजे बघा, वीस वर्षं हा माणूस शाळा काढत होता आणि त्याच्या बरोबरीने शाळा चालवणारी माणसं घडवत होता.

आणि ही माणसं कुठली? बरीचशी त्याच पंगतीतली. ज्याने चार-पाच वर्षं सगळ्या जातींच्या मुलांबरोबर भाकऱ्या थापल्या, शेतात खोरं चालवलं, एका घागरीतलं पाणी प्यालं, तो गावात मास्तर म्हणून गेला की त्याला समतेवर व्याख्यान द्यावं लागत नव्हतं. त्याला दुसरं काही येतच नव्हतं. साताऱ्याजवळच्या यवतेश्वरापासून व्हॉलंटरी शाळा सुरू झाल्या. गावाने जागा द्यायची, देवळात किंवा चावडीत शाळा भरायची. अशा ५७८ शाळा संस्थेने चालवल्या. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं, १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज, तिथेही मुलं काम करून शिकत होती. स्वतः भाऊराव अनवाणी, हातात काठी घेऊन या शाळांवर फिरत राहिले.

भाऊरावांना पुष्कळजण अमेरिकेतल्या बुकर टी. वॉशिंग्टनची उपमा देतात. गुलामगिरीत जन्मलेला हा माणूस. त्याने १८८१ साली टस्कीगी इथे काळ्या मुलांची शाळा सुरू केली, आणि विद्यार्थ्यांनी स्वतः विटा भाजून तिच्या इमारती बांधल्या. आपलं आणि त्यांचं नातं जुनं आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली गुलामगिरी हे पुस्तक अर्पण केलं ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. तिकडची एक गोष्ट मात्र मी मुद्दाम सांगितली. १९५४ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणं बेकायदा ठरवलं. फार मोठा निकाल. पण दक्षिणेकडे शाळा एकत्र करताना बंद पडल्या त्या बहुतेक काळ्यांच्या, आणि हजारो काळे शिक्षक, हेडमास्तर नोकरीतून गेले. मुलं एका वर्गात आली, पण ऑफिसातल्या खुर्चीवर त्यांना आपला म्हणणारा माणूस राहिला नाही. 

आपल्या भागात भाऊरावांचं काम त्या काळी येणं अवघड होतं. १९४८पर्यंत इथे निजामाचं राज्य, हायस्कूलं मोजकी, त्यातही शिकायचं उर्दूतून. आमच्याकडची पोरं शिकायला बार्शीला जायची, तिथे मामासाहेब जगदाळ्यांचं बोर्डिंग होतं. पण जिल्ह्याच्या वाट्याला एक मोठा दिवस आला. फेब्रुवारी १९४१मध्ये कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषद भरली, तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले आणि मुक्काम केला तो गावातल्या शाळेत. ज्यांना लहानपणी शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागलं होतं, ते इथे शाळेत पाहुणे म्हणून राहिले. तडवळ्याच्या लोकांना याचा अभिमान आहे, आणि तो असायलाच हवा.

१९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर भाऊराव सरकारविरुद्ध परखड बोलले आणि संस्थेची ग्रँट बंद झाली. शिक्षकांचे हाल झाले. गाडगेबाबांसारख्यांनी शब्द टाकला, लोकांनी झोळ्या भरल्या, पुढे ग्रँट सुरू झाली. याच काळात गांधीजींच्या नावाने १०१ हायस्कूलं काढायचा संकल्प त्यांनी केला होता. १९५९ साली पद्मभूषण मिळालं, पुणे विद्यापीठाने डी.लिट. दिली. मॅट्रिकसुद्धा न झालेला माणूस! त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात ते गेले.

एवढं सांगून मी प्रशिक्षणात खाली बसणार, तर मागच्या बाकावरचे एक तरुण मुख्याध्यापक उठले. त्यांच्या शाळेत पोषण आहार शिजवायला मातंग समाजातल्या एक मावशी लागल्या होत्या, आणि काही घरांनी मुलांना खिचडी खायची बंदी केली होती. सरपंच मिटवून टाका म्हणत होते. मिटवणं म्हणजे मावशींना काढणं. काय करू, असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. स्टाफरूममधला चहा काही तिथे नव्हता, त्यामुळे सगळे माझ्याकडेच बघत राहिले.

मग मला ते सांगावंच लागलं. शाळांमध्ये खिचडी शिजायला लागली त्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका गावात मुख्याध्यापिका होते. अगदी हाच प्रसंग. मी वाद नको म्हणून त्या बाईंना भांडी घासायला आणि आवार झाडायला ठेवलं, स्वयंपाकाला दुसरी बाई घेतली. पगार तेवढाच ठेवला आणि आपण शहाणपणाने मार्ग काढला असं समजून खूश झाले. तक्रार कुठेच गेली नाही, तपासणीत शेरा चांगला मिळाला. त्या बाई त्यानंतर माझ्याशी नीटच बोलायच्या, पण त्यांच्या दोन्ही मुली खिचडी न खाता मधल्या सुट्टीत घरी जायला लागल्या. मला ते दिसत होतं. मी कधी विचारलं नाही. शिष्यवृत्तीचे फॉर्म भरताना भर वर्गात जातीची नावं घेऊन मुलांना उभं करायचे, तेही मीच. त्यातल्याच एका मुलीने पुढे फॉर्म भरायला नकार दिला, तेव्हा मी तिच्या आईला बोलावून समजावलं, मुलीला वेड लागलंय का म्हणून.

हॉलमध्ये कुणी काही बोललं नाही. मग एकेक करून बोलायला लागले. कुणाच्या शाळेत पारधी वस्तीवरच्या मुलांना हजेरीपटावर नाव असून वर्गात जागा नव्हती. कुणाच्या शाळेत ऊसतोडीहून परत आलेली लेकरं मागेच बसवली जात होती, अभ्यास बुडाला म्हणून. एका बाईंनी सांगितलं की झाडायची पाळी लावताना त्यांच्या हातून ठरावीक मुलींचीच नावं लिहिली जातात, आणि हे त्यांना आत्ता, बोलता बोलता कळलं. माझा तासाचा कार्यक्रम तीन तास चालला.

त्या तरुण सरांनी महिनाभराने फोन केला. त्यांनी भाषण वगैरे केलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून स्वतःचा डबा आणणं बंद केलं आणि रोज मुलांच्या ओळीत बसून मावशींच्या हातची खिचडी खायला लागले. मग बाकीचे दोन शिक्षक बसले. ज्यांनी बंदी केली होती त्या घरी ते संध्याकाळी स्वतः गेले, दोनदा, तीनदा. एका घरी आजीने पाणीसुद्धा विचारलं नाही. मावशींना मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं की चूल तुमचीच राहणार.

बहुतेक मुलं आता जेवतात, मॅडम, असं सर म्हणाले. दोन घरची अजून डबा आणतात. ती वेगळी बसायची, त्यांना त्यांनी तो डबा घेऊन पंगतीतच बसायला सांगितलंय.